‘नस दबलीय’च्या पलीकडे

तळपायाला मुंग्या येणं, रात्री आग होणं, कापसावरून चालल्यासारखं वाटणं, पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी पत्ता न लागणं. या तक्रारींवर आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. साखर असली तर ‘शुगरमुळे’, नसली तर ‘मणक्यात नस दबलीय’. दुसऱ्या उत्तराला एमआरआय लगेच पुरावाही पुरवतो, कारण गादी सरकलेली दिसतेच. पण ती कोणाची दिसत नाही? पाठीची तक्रार नसलेल्या 3110 जणांच्या तपासण्यांचा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 30 टक्के आणि पन्नाशीतल्या 60 टक्के माणसांची गादी फुगलेली आढळली. दबलेली नस बहुधा एकाच पायात, ठरावीक पट्ट्यात दुखते. दोन्ही पायांच्या बोटांपासून मोज्यासारखा वर चढणारा आणि गुडघ्याजवळ पोचता पोचता हाताच्या बोटांतही सुरू होणारा बधिरपणा वेगळं काही सांगत असतो: शरीरातल्या सर्वांत लांब नसा टोकाकडून खराब होताहेत. त्याचं कारण रक्तात, आहारात, औषधांत किंवा जनुकांत शोधायचं असतं.

मधुमेह हे त्यातलं सर्वांत मोठं कारण आहे, याबद्दल वाद नाही. मधुमेह सापडला की शोध संपला, हा मात्र गैरसमज. वर्षानुवर्षं घेतलेल्या मेटफॉर्मिनमुळे बी-12 कमी होऊ शकतं, त्यात माणूस शाकाहारी असेल तर आणखीच, आणि बी-12 च्या अभावानं होणारी नसांची हानी वरवर मधुमेहासारखीच दिसते. रक्तातला आकडा काठावर असेल तर मिथाइलमॅलॉनिक आम्ल मोजून खरी कमतरता ताडता येते. पण रक्त देण्याआधीच ‘ताकदीची’ इंजेक्शनं टोचून झाली असली की आकडा भरघोस येतो आणि मूळ कारण झाकलं जातं. व्हिटॅमिननं काय अपाय होणार, हाही एक लाडका समज. बी-6 रोज काही ग्रॅम घेणाऱ्या सात रुग्णांना चालणं अवघड होईल इतकी नसांची हानी झाल्याची नोंद 1983 साली अमेरिकेत झाली. गंमत अशी, की त्याच बी-6 ची छोटी मात्रा क्षयाच्या आयसोनियाझिडबरोबर नसा वाचवण्यासाठीच देतात.

मग एनसीव्ही, म्हणजे नसांतून संदेश किती वेगानं जातो याची तपासणी, केली जाते. ती नॉर्मल आली की घरचे आणि कधी कधी डॉक्टरही ‘मनाचे खेळ’ म्हणून मोकळे होतात. ही तपासणी जाड, वेगवान तंतूंचं काम मोजते. आग आणि टोचणं ज्यांतून जाणवतं ते बारीक तंतू तिच्या टप्प्यातच येत नाहीत. त्यांच्यासाठी घोट्याच्या वर तीन मिलिमीटर व्यासाचा कातडीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजावे लागतात.

आपल्या भागात आणखी एक कारण हमखास विसरलं जातं, ते म्हणजे कुष्ठरोग. डिसेंबर 2005 मध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचं निर्मूलन झाल्याचं भारतानं जाहीर केलं. म्हणजे दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण उरले. लोकांनी त्याचा अर्थ ‘रोग गेला’ असा घेतला. चट्टा नसेल तर कुष्ठरोग नाही, असंही धरलं जातं. प्रत्यक्षात हा जंतू फक्त नसांत राहूनही हानी करू शकतो, आणि कातडीच्या नमुन्यात तेव्हा बहुधा काहीच सापडत नाही. इथे नसा मोज्यासारख्या सारख्या प्रमाणात जात नाहीत. एका हाताची करंगळी, दुसऱ्या पायाचा पंजा, अशी विस्कळीत पडझड होते. कोपराच्या आतल्या खोबणीत बोट फिरवलं तर दोरीसारखी जाड झालेली नस हाताला लागते. या तपासणीला एक पैसा लागत नाही. बहुऔषधोपचारही सरकारी केंद्रात मोफत मिळतो. उशीर झाला तरी जंतू मरतात, बोटं मात्र वाकडीच राहतात.

यावर कोणी म्हणेल, मग एकदा सगळ्याच टेस्ट करून टाका. तेही फसवंच आहे. अँटीबॉडीचे मोठे पॅनेल लावले की काहीतरी किंचित वाढलेलं निघतंच, आणि माणूस नसलेल्या आजाराच्या मागे लागतो. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीनं 2009 मध्ये पुरावे तपासून ज्यांतून सर्वाधिक हाती लागतं अशा तपासण्या सांगितल्या त्या मोजक्याच: रक्तातली साखर, बी-12 आणि त्याच्याशी निगडित आम्लं, आणि रक्तातल्या प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस. पुढचं काम प्रश्न विचारण्याचं. 1981 साली मेयो क्लिनिकनं निदान न लागलेले 205 रुग्ण नव्यानं कसून तपासले. 76 टक्क्यांचं निदान लागलं, आणि सर्वांत मोठा गट, 42 टक्के, आनुवंशिक निघाला. नातेवाइकांना तपासणं त्यात महत्त्वाचं ठरलं. ‘घरात असं कोणाला नाही’ हे उत्तर खरं मानू नये. वडिलांच्या पायाची उंच कमान आणि वाकडी बोटं घरच्यांना आजार वाटतच नाहीत.

कारण कळून फरक काय, गोळ्या त्याच, हा आक्षेप आगीवरच्या गोळ्यांपुरता खरा आहे. पण सीआयडीपी या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांच्या आवरणावर उलटते, आणि स्टेरॉइड किंवा इम्युनोग्लोब्युलिननं माणूस पुन्हा चालू लागू शकतो. ट्रान्सथायरेटिन अमायलॉइड हा आनुवंशिक आजार 1952 मध्ये पोर्तुगालच्या कोरिनो आंद्राद यांनी वर्णिला. आज त्याला रोखणारी औषधं आहेत. तरीही नीट शोधूनसुद्धा साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत कारण हाती लागत नाही. त्यांतले बहुतेक उतारवयातले असतात, बधिरपणा वर्षांच्या गतीनं सरकतो आणि चालणं सहसा टिकतं. त्यांना वेदनेवरचे उपचार, पायांची रोजची पाहणी आणि अधूनमधून फेरतपासणी पुरते. मात्र काही आठवड्यांत पाय लुळे पडू लागले, एकच बाजू जास्त गेली, किंवा वजन उतरलं, उभं राहताच चक्कर येऊ लागली, तर ‘कारण अज्ञात’ लिहिलेली ती फाइल त्याच आठवड्यात पुन्हा उघडायला हवी.