ट्रंकेतली कॅसेट

आबांच्या काळ्या ट्रंकेत, घडी घातलेल्या गणवेशाखाली, पाच व्हिडिओ कॅसेट होत्या. आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलेला त्यांचा नंबर अजून वाचता येतो. एका कॅसेटवर त्यांच्याच अक्षरात होते, 'हळद, मे १९९७'. आत्याच्या लग्नातली. तिच्यात आजी जात्यावर बसून ओव्या म्हणते, असे घरात सगळे सांगत. आजी २००३ मध्ये गेली, म्हणजे माझ्या जन्माआधी. तिचे फोटो आहेत, पण आवाज फक्त त्या एका कॅसेटमध्ये.

दिवाळीच्या सुट्टीत ती हातात आली तेव्हा बाबा म्हणाले, "लाव की व्हीसीआरला." मी थांबवले. आमचे घर खानापूर तालुक्यात आहे. तिथे पावसाळ्यात भिंतीसुद्धा कोरड्या राहत नाहीत. कॅसेटच्या काचेतून पाहिले तर रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसत होती. बुरशी.

बुरशी कडेवर होती, आणि तीच काळजीची गोष्ट होती. व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद असते. व्हीसीआरमधला गोल ड्रम सेकंदाला २५ फेऱ्या मारतो आणि त्यावरची दोन हेड फितीवर तिरक्या रेषांत चित्र लिहितात. म्हणजे चित्र फितीच्या मधल्या रुंद पट्ट्यात असते. साध्या व्हीसीआरचा आवाज मात्र वरच्या कडेला एका अरुंद पट्टीत, वेगळ्या स्थिर हेडने नोंदला जातो. ती कड गेली तर आजी दिसली असती, पण ऐकू आली नसती.

म्हणून आधी सफाई. कॅसेट दहा दिवस बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवली. मग मास्क लावून अंगणात पाच स्क्रू काढले. (ही भुकटी श्वासात जाऊ देऊ नका आणि हे काम घरात तर मुळीच करू नका.) रीळ हाताने सावकाश फिरवून फीत कुठे चिकटलेली नाही ना, ते पाहिले. मऊ, कोरड्या ब्रशने कडा साफ केल्या आणि दोन्ही रिळे दुसऱ्या स्वच्छ कॅसेटच्या खोक्यात बसवली. मोडीत निघालेल्या एका व्हीसीआरवर ती एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळली, म्हणजे उरलेली घाण चांगल्या व्हीसीआरच्या हेडला लागणार नाही. चांगल्याचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. कापड हेडपाशी स्थिर धरायचे आणि ड्रम बोटाने फिरवायचा. वर-खाली घासले तर हेड तुटते, आणि कानातल्या कापसाच्या काडीचे धागे त्यात अडकतात.

आता रेकॉर्डिंग. इथे आम्हाला आधी एक फटका बसला होता. आई-बाबांच्या लग्नाची कॅसेट शहरातल्या एका दुकानात दिली होती. पेन ड्राइव्हवर परत आली तेव्हा ४:३ चे चित्र रुंद पडद्यावर ताणलेले, सगळे पाहुणे जाडजूड, आणि शेवटी शेवटी भटजींचे ओठ मंत्रांच्या मागे. तीन तास एक जीबीत कोंबले होते. एकदा दाबून गेलेला तपशील परत येत नाही. त्यामुळे मी ठरवले, पहिली फाइल जशीच्या तशी ठेवायची, सुधारणा नंतर तिच्या प्रतीवर.

आपल्याकडची कॅसेट पाल पद्धतीची असते, म्हणून ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. कॅप्चर यंत्र यूएसबीचे, सॉफ्टवेअर व्हर्च्युअलडब, कोडेक हफवाययूव्ही. या कोडेकमध्ये काही गमावत नाही, पण ताशी तीस-चाळीस जीबी जागा लागते. आवाज ४८ किलोहर्ट्झ, न दाबता. लॅपटॉपवर बाकी सगळे बंद ठेवले, कारण गळलेल्या फ्रेमनेच ओठ आणि आवाज वेगळे होतात. गळलेल्या फ्रेमचा आकडा शेवटपर्यंत शून्य राहायला हवा.

पहिल्या मिनिटातच चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा वाकून फडफडू लागला. जुनी फीत ताणली गेली की ओळी वेळेवर येत नाहीत. यावर टाइम बेस करेक्टर नावाचे यंत्र असते, पण ते महाग. मामांकडे जुना डीव्हीडी रेकॉर्डर होता. त्याच्यातून सिग्नल नेला आणि ओळी सरळ झाल्या. सगळ्याच रेकॉर्डरमध्ये हे होत नाही, आमचे नशीब.

मित्रांनो, एक चूक सांगतो. मला वाटले, रेकॉर्ड करतानाच उजेड वाढवावा. वाढवला, तर हळदीच्या पिवळ्या साड्या पांढऱ्या पडल्या. फीत मागे घेऊन पुन्हा लावावी लागली. एवढ्या जुन्या फितीला प्रत्येक फेरी जड असते. ही दुसरी फेरी माझ्या घाईने वाया घालवलेली.

मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवली, एक घरी आणि एक आत्याकडे. घरच्यांसाठी वेगळी एमपी४ बनवली. व्हीएचएसमध्ये प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते, सेकंदाला ५०. ती नीट वेगळी केली नाहीत तर हलणाऱ्या हातांना दातेरी कडा येतात. वेगळी केली की जाते फिरवणारे हात खरे वाटतात. चित्र ४:३ च ठेवले, बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तरी.

बेचाळिसाव्या मिनिटाला कॅमेरा अंगणातून आत वळतो. जात्यापाशी तीन बायका. आवाजात खरखर आहे, एका जागी दोन सेकंद तुटतोही. मधली आजी. ओवी संपते तेव्हा ती कॅमेऱ्याकडे बघून आबांना म्हणते, "पुरे झालं, आता बाहेरची माणसं घ्या."

आबा खुर्ची ओढून लॅपटॉपजवळ आले. संपल्यावर म्हणाले, "परत लाव. आवाज जरा मोठा कर."

उरलेल्या चार कॅसेट उन्हाळ्याच्या सुट्टीत.