डंपिंग ट्रॉलीचा जॅक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सेलू तालुक्यातलं वालूर हे काळ्या मातीतलं गाव. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की अशा गावांच्या शिवारात शेणखत, मुरूम आणि तलावातला गाळ वाहणाऱ्या ट्रॉल्यांची वर्दळ सुरू होते. २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आल्यापासून गाळाच्या कामाला आणखी जोर आला. या कामात सगळ्यांत जास्त ताण पडतो तो हौदा उचलणाऱ्या भागांवर : जॅक, त्याची पिन, बुश, ब्रॅकेट आणि मागच्या बिजागऱ्या. त्यांच्या दुरुस्तीविषयीच्या काही समजुतींमुळे पैसा वाया जातो, तर काहींमुळे माणूस दगावतो.

गैरसमज १ : जॅकने धरलेला हौदा खाली येत नाही, त्याच्याखाली बिनधास्त काम करावं.

वस्तुस्थिती : ट्रॉलीच्या बहुतेक जॅकमध्ये तेल फक्त हौदा वर ढकलतं. खाली येतो तो स्वतःच्या वजनाने. नळी फुटली, कपलर निसटला किंवा कुणाचा हात लिव्हरला लागला, तर काही क्षणांत हौदा चेसिसवर आदळतो. रिकामा हौदासुद्धा कित्येक क्विंटलचा असतो. म्हणून आधी माल उतरवा, ट्रॉली सपाट कडक जागी लावून चाकांना उटी द्या. हौदा उचलून दोन्ही बाजूंना चेसिसवर भक्कम लोखंडी टेकू लावा आणि हौदा हलकेच त्यांच्यावर टेकवा. ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात घ्या. विटांची चळत, लाकडाचा ओंडका किंवा दुसरा जॅक यांना टेकू समजू नका.

गैरसमज २ : हौदा उचलला जात नाही, म्हणजे जॅक गेला.

वस्तुस्थिती : ब्रिटनमध्ये जोसेफ ब्रामाने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. दाब आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार म्हणजे बळ, हे त्यामागचं तत्त्व जॅकलाही लागू आहे. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब धरला, तर एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या जॅकचा १० सेंटिमीटर व्यासाचा टप्पा पावणेबारा टनांच्या आसपास बळ देतो. ७ सेंटिमीटरचा टप्पा जेमतेम पावणेसहा टन. दाबच कमी पडला तर चांगला जॅकही हलत नाही. त्यामुळे आधी ट्रॅक्टरमधल्या तेलाची पातळी, फिल्टर आणि कपलर पूर्ण बसलाय का, हे पाहा. भरलेलं वजनही तपासा : एक ब्रास ओला मुरूम पाच टनांच्या घरात जातो.

हौदा आपोआप हळूहळू खाली बसत असेल, तर तेल कुठे दिसतं ते बघा. एकाच बाजूने तेल घेणाऱ्या जॅकचं सील गेलं की तेल बाहेर ओघळतं. जॅक आणि नळ्या कोरड्या असतील, तर दोष बहुधा ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हमध्ये असतो. तो न पाहता सील किट बदललं, तर खर्च होतो आणि दुखणं तसंच राहतं.

गैरसमज ३ : तडा वेल्डिंगने भरला की काम झालं.

वस्तुस्थिती : तडा जाण्यामागे कारण असतं. बुश झिजून पिन खुळखुळते, वजन एका बाजूला पडतं आणि ब्रॅकेट तिथेच फाटतं. बुश तसाच ठेवून वेल्डिंग केलं, तर तडा शेजारीच पुन्हा उमटतो. रंग आणि गंज घासून काढावा, तड्याच्या टोकाला छोटं भोक पाडावं म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने खोबण करून मुळापर्यंत वेल्डिंग भरावं. वरून नुसता रेघेसारखा थर ओढलेला टिकत नाही.

पिन मात्र जोडू नये. ती कडक केलेल्या पोलादाची असते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचा भाग ठिसूळ होऊन मोडतो. झिजलेली पिन आणि बुश जोडीनेच बदलावेत. जॅकचा दांडा वाकला असेल, तर तो ठोकून सरळ करू नये. वरून सरळ दिसला तरी तो सील खात राहतो.

गैरसमज ४ : वेल्डिंगची अर्थ कुठेही लावली तरी चालते.

वस्तुस्थिती : अर्थ दूर लावली, तर करंट पिन आणि जॅकमधून वाट काढतो. दांड्याच्या चकचकीत पृष्ठभागावर ठिणग्यांनी बारीक खड्डे पडतात आणि पुढे तेच सील कापतात. म्हणून अर्थ वेल्डिंगच्या अगदी जवळ, त्याच तुकड्यावर लावा. दांडा न जळणाऱ्या आवरणाने झाका. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असेल, तर बॅटरीची वायर काढा.

गैरसमज ५ : नळी कुठे गळते, ते बोटाने चाचपून कळतं.

वस्तुस्थिती : सुईएवढ्या छिद्रातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. काही तासांत आतलं मांस सडू लागतं आणि बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधा. तेल कातडीत शिरलं असेल, तर घरगुती उपाय न करता लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा आणि दाबाचं तेल आत गेलंय, हे डॉक्टरांना सांगा.

गैरसमज ६ : जॅक चांगला असला की ट्रॉली कुठेही उचलावी.

वस्तुस्थिती : काळी माती ओलाव्याने मऊ पडते आणि एका बाजूचं चाक खचतं. त्यात ओला गाळ हौद्याच्या पुढच्या भागाला चिकटून राहिला, तर हौदा उचलताच सगळं वजन उंचावर जातं आणि ट्रॉली आडवी होते. चिकटलेला माल सुटावा म्हणून झटके देणं तर जॅक आणि ब्रॅकेट दोन्हींच्या मुळावर येतं. हौदा खाली आणून माल मोकळा करावा आणि मगच पुन्हा उचलावा.

दुरुस्ती करायची की भाग बदलायचा, हे ठरवताना किंमत दुसरी येते. तो भाग तुटला तर खाली कोण असेल, हा प्रश्न पहिला. म्हणून पुढच्या वेळी ट्रॉली वेल्डिंगला नेताना दोन्ही बाजूंचे कायमचे टेकू आधी बसवून घ्या, आणि दुरुस्ती करणारा माणूस त्यांच्याशिवाय हौद्याखाली जात असेल तर त्याला अडवा.