खिशातली कॉइल, गाडीतली कॉइल

विरार फास्टमध्ये नालासोपाऱ्याला चढलेला माणूस फोन पॉवर बँकेला लावतो. पॉवर बँकेतला लिथियम सेल देतो जेमतेम ३.७ व्होल्ट, फोनला हवेत ५. वरचे १.३ व्होल्ट येतात कुठून?

पाण्याने भरून वाहणारा नळ झटकन बंद केला की पाइप धडकतो, कारण वाहत्या पाण्याला एकदम थांबता येत नाही आणि दाब क्षणभर उसळतो. तारेच्या वेटोळ्यातला, म्हणजे कॉइलमधला, प्रवाहही असाच हट्टी. कॉइलचं एक टोक सेलला असतं; एक इलेक्ट्रॉनिक स्विच (मॉसफेट) तिचं दुसरं टोक सेलच्या ऋण टोकाला जोडतो, सेलच्या जोरावर प्रवाह वाढत जातो, चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. स्विच उघडला की प्रवाह थांबायला नकार देतो, कॉइल स्वतःचा दाब सेलच्या दाबात मिसळते आणि डायोडमधून वाट काढते. बूस्ट कन्व्हर्टर म्हणतात तो हाच. सेकंदाला पाच लाख वेळा हे घडतं आणि फोनला त्याचा पत्ताही नसतो!

ही जादू टिकते ती सुट्या भागांच्या निवडीवर. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर भाग घ्यायला जाणाऱ्याने आधी हिशेब मांडावा. फोनला ५ व्होल्टवर २ अँपिअर म्हणजे १० वॅट. ९० टक्के कार्यक्षमता धरली तर ३.७ व्होल्टच्या सेलमधून ३ अँपिअर ओढावे लागतात, आणि ते सगळे कॉइलमधून जातात. नवशिक्याची नजर बाहेर पडणाऱ्या २ अँपिअरवर असते. शिवाय सेल उतरत ३ व्होल्टवर आला की तेवढ्याच १० वॅटसाठी ३.७ अँपिअर लागतात. प्रत्येक फेरीतला चढउतार धरला तर २.२ मायक्रोहेन्रीच्या कॉइलमध्ये शिखर सव्वाचार अँपिअरपर्यंत जातं. म्हणून कॉइल निवडायची ती रिकाम्या होत आलेल्या सेलकडे पाहून, पाच-साडेपाच अँपिअर सहज पेलणारी.

ती हातात घेऊन बघा. नखाएवढा राखाडी चौकोन, वर छापलेलं ‘२आर२’. त्यातला ‘आर’ हा दशांशचिन्हाच्या जागी. फेराइटच्या गाभ्यात मुद्दाम एक बारीक फट ठेवलेली असते, आणि साठलेली ऊर्जा बहुतांशी त्या फटीतच असते. जिथे काहीच नाही, तिथे फोन चार्ज करणारी शक्ती! मर्यादेपलीकडे प्रवाह गेला की गाभा संतृप्त होतो, कॉइल साध्या तारेसारखी वागू लागते, प्रवाह सुसाट वाढतो आणि बळी जातो स्विचचा.

बाकीच्यांचं थोडक्यात. डायोड शॉटकी घ्या, तरी ०.४ व्होल्ट तिथे पडले तर २ अँपिअरला ०.८ वॅटची उष्णता झालीच. चांगल्या पॉवर बँकेत म्हणून त्या जागी दुसरा मॉसफेट असतो. फोनकडच्या टोकाला लावायच्या सिरॅमिक कपॅसिटरवर २२ मायक्रोफॅरड लिहिलेलं असलं तरी ५ व्होल्ट चढताच बारक्या आकाराच्या कपॅसिटरची क्षमता निम्म्यावर येऊ शकते. दोन लावणं शहाणपणाचं.

आणि ज्या लोकलमध्ये हे चाललंय, तिच्याही पोटात हेच तत्त्व आहे. १९३६ साली विरारपर्यंत पोहोचलेली वीज १५०० व्होल्ट डीसी होती. चर्चगेटपर्यंतचा मार्ग २५ हजार व्होल्ट एसीवर पूर्ण आला तो फेब्रुवारी २०१२ मध्ये. आजच्या थ्री-फेज गाड्यांत ट्रान्सफॉर्मर हा दाब उतरवतो खरा, पण आतल्या डीसी वाहिनीला त्या उतरवलेल्या दाबाच्या शिखराहूनही अधिक व्होल्ट लागतात. ते चढवतो बूस्ट पद्धतीनेच चालणारा कन्व्हर्टर. मग त्याची कॉइल कुठे? ट्रान्सफॉर्मरच्या एका गुंडाळीचं जे चुंबकीय क्षेत्र दुसरीशी न जुळता निसटतं, एरवी दोष मानलं जाणारं, तेच इथे ठरवून मोठं ठेवतात आणि कॉइल म्हणून वापरतात. इथले आयजीबीटी स्विच सेकंदाला काही शे ते हजारभर वेळाच उघडझाप करतात. वेग कमी, म्हणून कॉइलही कितीतरी मोठी लागते.

नायगावजवळ मोटरमन ब्रेक लावतो तेव्हा तोच कन्व्हर्टर उलटा चालतो. गाडीचा वेग वीज होऊन वरच्या तारेत परत जातो, आणि ती वीज जवळपासची दुसरी लोकल वापरू शकते.