थंडी तासाभराची, तयारी मात्र काश्मीरची! पहाटे चालायला-धावायला जाताना अंगात आणि पायात काय घालावं?

वेंगुर्ले : अंगणात दव पडलेलं, कलमांना मोहोर फुटायला लागलेला आणि पहाटे पांघरुणातून बाहेर येऊ नये असा गारवा. हे दिवस आले की तालुक्यात चालणाऱ्या-धावणाऱ्यांची गर्दी वाढते. नवाबाग, सागरेश्वरचा किनारा, कॅम्पचं मैदान, बंदराकडचा रस्ता, तिकडे शिरोडा, मोचेमाड, इकडे मठ, आडेली, तुळस, सगळीकडे पहाटे माणसं दिसतात. कोणी साखर आटोक्यात राहावी म्हणून, कोणी गुडघे धरू नयेत म्हणून, आणि तरुण पोरं-पोरी पोलीस भरतीसाठी. यातल्या बऱ्याच जणांच्या अंगावर गरजेपेक्षा जास्त कपडे असतात आणि पायात मात्र मिळेल ते. असायला हवं नेमकं उलटं.

सोशल मीडियावर हिवाळी व्यायामाचे जे सल्ले फिरतात ते बहुतेक बर्फ पडणाऱ्या देशांतले किंवा फार तर दिल्ली-पंजाबचे. तीन थर घाला, हातमोजे घाला, लोकरीचे मोजे घाला. आपल्याकडे किनाऱ्यावर पारा १५ अंशांच्या खाली क्वचितच जातो. बहुतेक पहाटे तो १७ ते २० च्या आसपास असतो आणि दुपारी त्याच दिवशी ३२-३३ अंश. समुद्र रात्री सावकाश थंड होतो, म्हणून बंदरापेक्षा आतल्या मठ-आडेली भागात गारवा जास्त जाणवतो, हा अनुभव सगळ्यांचाच आहे. पण तिथेही ही थंडी सूर्य वर येईपर्यंतची. साडेआठला ऊन चटका द्यायला लागतं.

दुसरी गोष्ट, चालताना-धावताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं त्यातला साधारण पाव भागच हालचालीसाठी वापरला जातो. उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे घरातून निघताना जी थंडी वाजते ती पहिल्या दहा मिनिटांचीच. दशावताराला रात्रभर बसताना जी शाल लागते ती धावताना लागत नाही, कारण तिथे आपण बसलेले असतो. निघताना थोडीशी थंडी वाजली पाहिजे, हाच कपडे बरोबर असल्याचा पुरावा समजा. दारातच ऊबदार वाटत असेल तर पुढच्या वळणावर घाम येतलोच.

अर्थात वयस्कर मंडळी, रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी एकदम गार हवेत जाऊन जोर करू नये. त्यांनी घरातच हातपाय हलवून अंग गरम करावं, पुढे चेन असलेलं पातळ स्वेटर घालून निघावं आणि अंग तापलं की ते काढून कमरेला बांधावं. डोक्यातून घालायच्या स्वेटरचा इथे उपयोग नाही. ते रस्त्यात काढता येत नाही म्हणून माणूस तसाच उकडत चालत राहतो.

सुती की ड्रायफिट?

आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं की सुती कपडा सगळ्यात चांगला. उन्हाळ्यात घरी बसायला तो चांगलाच. पण सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. आपल्याकडे पहाटे हवेत दमटपणा इतका की तो घाम लवकर सुकत नाही. बनियन अंगाला चिकटतं, काखेत आणि मांड्यांना घासतं, आणि मग थांबलात की गारठा भरतो. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पुस्तकात ज्याला मतलई वारे म्हणतात तेच हे. भिजलेल्या बनियनवर हा वारा लागला की धावताना न वाजलेली थंडी बांधावर बसल्यावर वाजते. सर्दी-खोकल्याचा दोष मग थंडीला जातो.

पॉलिस्टरचं पातळ टीशर्ट, ज्याला दुकानात ड्रायफिट म्हणतात, घाम बाहेरच्या बाजूला ओढून लवकर सुकतं. ब्रँड बघायची गरज नाही. शाळेच्या कबड्डी संघाचा जुना टीशर्ट असेल तर तोही चालतो. चालणारे सुती घालू शकतात, त्यांना तेवढा घाम येत नाही. पण कोणीही असो, पिशवीत एक कोरडा शर्ट ठेवावा. व्यायाम संपला की गप्पा मारायला बसण्याआधी तो बदलावा. दीडशे रुपयांचा हा उपाय हजाराच्या जॅकेटपेक्षा जास्त कामाचा आहे.

मुलींसाठी आणि महिलांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण मैदानावर प्रशिक्षक बोलत नाहीत आणि घरी कोणी विचारत नाही. धावायचं असेल तर साधी ब्रा पुरत नाही, घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा लागते. भरतीची तयारी करणाऱ्या मुलींचा पहिला खर्च बुटांचा आणि दुसरा याचा असावा. ज्या काकी-मावशी साडी नेसून चालतात त्यांनी साडी नेहमीपेक्षा चार बोटं वर नेसावी. दवाने ओली झालेली किनार चपलेत अडकून पडायला होतं. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी घरी ठेवावी, नाहीतर नीट बांधून घ्यावी.

आता त्या चकचकीत प्लास्टिकच्या सूटबद्दल. घाम काढणारा सूट किंवा रेक्झिनचं जर्किन घालून धावलं की वजन उतरतं असा समज भरतीच्या पोरांत आहे आणि वजन कमी करायला निघालेल्या काकांमध्येही. काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी असतं. दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं. चरबीचा घामाशी संबंध नाही. उलट घाम सुकायची वाट बंद झाल्याने शरीर आतून तापत जातं आणि हे बाहेर गार हवा असतानाही होतं. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना तरुणांचे मृत्यू झाले होते. तो उन्हाळ्याचा, दमट हवेचा विषय होता. पण अंगाला प्लास्टिक गुंडाळून आपण तीच हवा स्वतःभोवती तयार करतो. चक्कर, मळमळ, अंगात पेटके, घाम अचानक थांबणं, यातलं काहीही झालं तर लगेच थांबावं, तो सूट काढून टाकावा, अंगावर पाणी मारावं आणि दवाखाना गाठावा.

अंधारात दिसलात तर वाचाल

थंडीपेक्षा मोठा धोका अंधाराचा आहे. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. साडेपाच-सहाला निघालेला माणूस पाऊण-एक तास अंधारातच असतो. आपले रस्ते अरुंद, कडेला लाल मातीची पट्टी कधी असते कधी नसते, वळणावर चिऱ्याचा गडगा, आणि त्याच वेळी बंदराकडून मासळीचे टेम्पो घाईत निघालेले. अशात काळी ट्रॅकपँट, निळं जर्किन, डोक्याला माकडटोपी आणि कानात गाणी. चालकाला हा माणूस दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि माणसाला टेम्पो ऐकू येत नाही.

म्हणून वरचा कपडा पांढरा, पिवळा किंवा भगवा असावा. सायकलच्या दुकानात चमकणारी पट्टी मिळते. ती पाठीवर आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घोट्याशी लावावी. हलणारे पाय दिव्याच्या उजेडात लांबून ओळखू येतात. रस्त्याच्या उजव्या बाजूने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल असं चालावं. कान झाकायचेच असतील तर पातळ सुती पट्टी पुरते. गटाने धावणाऱ्या मुलांनी रस्ताभर पसरून न धावता एका ओळीत धावावं, आणि जमेल तेव्हा मैदानच धरावं.

पायात काय?

पैसे मोजकेच असतील तर ते सगळे बुटांवर घालावेत. टीशर्ट कुठलाही चालेल. डांबरी रस्त्यावर धावणाऱ्याला टाचेखाली जाड, दाबली की परत वर येणारी गादी असलेले धावण्याचेच बूट हवेत. शाळेतले पांढरे कॅनव्हास बूट पातळ तळाचे असतात. ते घालून डांबरावर रोज धावलं तर नडगीचं दुखणं ठरलेलं. क्रिकेटचे किंवा फुटबॉलचे खिळ्यांचे बूट रस्त्यावर नकोत. हवाई चप्पल तर चालायलाही नको. ती पायातून निसटू नये म्हणून आपण नकळत बोटं आवळत चालतो आणि संध्याकाळी पोटऱ्या दुखतात. शिवाय दवाने ओल्या झालेल्या पेव्हर ब्लॉकवर आणि शेवाळलेल्या कातळावर झिजलेली चप्पल साबणासारखी घसरते.

बूट घ्यायला संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. जे मोजे घालून धावणार तेच घालून बघावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सुटली पाहिजे. उतारावर बोटं पुढे आदळतात आणि नखं काळी पडतात ती या जागेअभावी. दोन्ही पाय सारखे नसतात, तेव्हा मोठ्या पायाचं माप धरावं. बूट टाचेला सैल नको. दुकानात दहा पावलं चालून समाधान मानू नका, बाहेर रस्त्यावर थोडं धावून बघा. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठाल्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावात फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. राखणदाराच्या वहाणाही झिजतात हे ज्या तालुक्याला ठाऊक आहे तिथे बूट फाटेपर्यंत वापरायची सवय मात्र मोठी. धावण्याचा बूट वरून चांगला दिसतो तेव्हाही आतली गादी बसलेली असू शकते. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धावलं की ती संपते. रोज ५ किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस असा हिशोब केला तर साधारण पाच ते साडेसात महिने. टाचेची एक बाजू तिरकी झिजली असेल, किंवा काही दुखापत नसताना गुडघा-नडगी कुरकुरायला लागली असेल, तर आधी बूट उलटा करून बघावा.

आता किनारा. पुळणीत धावलं की पाय मजबूत होतात, हे खरं आहे, पण मऊ, कोरड्या वाळूत धावायला कठीण जमिनीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते आणि टाचेच्या वरच्या शिरेवर ताण येतो. सुरुवात ओल्या, घट्ट वाळूत करावी. ती मिळायला सुकती पाहिजे. जुना कोळी हिशोब इथे उपयोगी पडतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहाच्या सुमाराला भरती आणि घट्ट वाळू पाण्याखाली. त्या दिवशी मैदानावर जावं. अमावास्या-पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे पाच-साडेपाचला सुकती आणि उजाडताना पायाखाली रुंद, घट्ट पट्टा. थोडं पुढेमागे होतं, पण चपला कुठल्या घ्यायच्या हे ठरवायला इतकं पुरे. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एकाच बाजूने धावलात तर एक पाय सतत खाली राहतो. जेवढं गेलात तेवढंच त्याच पट्ट्यावरून परत या.

वाळूत अनवाणी धावावं का? तरुण मुलं हमखास अनवाणी पळणाऱ्या विजेत्यांची उदाहरणं देतात. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकला, हे खरं. पण १९६४ साली टोकियोत तोच बूट घालून पुन्हा जिंकला, हे कोणी सांगत नाही. अनवाणी चालायची सवय असेल, पायाला जखम नसेल आणि उजाडलेलं असेल तर ओल्या वाळूत दहा-पंधरा मिनिटं हरकत नाही. अंधारात मात्र नको. जाळ्याचे तुकडे, गळ, फुटक्या बाटल्या, किनाऱ्याला लागलेले जेलीफिश आणि खडकांवरची कालवं, यातलं काहीही पायाला लागू शकतं.

मधुमेह असणाऱ्यांनी तर अनवाणी अजिबात चालू नये, मग वाळू कितीही मऊ वाटो. साखर बरीच वर्षं असलेल्यांच्या तळव्याची संवेदना कमी होते. कालवाने कापलेलं कळत नाही, दोन दिवसांनी मोजा ओला दिसतो तेव्हा जखम वाढलेली असते. त्यांनी पुढून बंद, आतून शिवण न टोचणारे बूट आणि स्वच्छ, घट्ट इलास्टिक नसलेले मोजे वापरावेत. घालण्याआधी बुटात हात घालून खडा-काटा बघावा आणि घरी आल्यावर दोन्ही तळवे उजेडात बघावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर नातवाला सांगावं.

भरतीच्या मुलांसाठी एवढंच : मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण एकट्या लांब धावण्याचे, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. त्यासाठी घेतलेले नवे बूट चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. निदान दोन-तीन आठवडे आधी त्यातून धावून घ्या. फोड आलेल्या पायाने वेळ गाठता येत नाही.

रविवारी आंबोलीला जाणाऱ्या गटांनी वरचे सगळे हिशोब थोडे बदलावेत. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच, म्हणजे वेंगुर्ल्यापेक्षा चार-पाच अंश गार, शिवाय वारा आणि धुकं. तिथे टीशर्टवर पातळ विंडचीटर हवं, आणि गाडीतून उतरल्याबरोबर ते अंगावर हवं.

किनाऱ्यावर वापरलेले बूट घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवावेत. खारं पाणी सुकलं की शिवण कडक होते आणि तळ सुटतो. आतली गादी वेगळी काढून सुकवावी, बुटात वर्तमानपत्र कोंबावं आणि सावलीत वाऱ्यावर ठेवावेत. कडक उन्हात डिंक सुटतो. रात्री अंगणात विसरलात तर दवाने सकाळी परत ओलेच मिळतील.