समाईक सातबारा आणि एका हिस्सेदाराचा नकार

रायगडाच्या वाटेवरच्या नाते गावात जमिनीला गिऱ्हाईक आले की पहिला फोन मुंबईला जातो. सातबारा आजोबांच्या नावावर, नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि हक्कदार मात्र लालबागपासून डोंबिवलीपर्यंत पांगलेले. म्हणून आधी वारसनोंद. 2025 मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती मयतांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठीच. बहिणींची नावे गाळण्याचा मोह अजूनही होतो. पण नोंद नसल्याने त्यांचा हक्क जात नाही, आणि उद्या दावा लागला तर खरेदीदारही त्यात ओढला जातो.

आता समजा, एक एकर भातशेती आणि चार भावंडे. प्रत्येकाची आणेवारी चार आणे, म्हणजे दहा गुंठे. पण रस्त्यालगतचे खाचर आपलेच, असे कुणालाच म्हणता येत नाही. चौघांचा हिस्सा प्रत्येक खाचरात आहे, बांधावरच्या आंब्यातही. थोरला वर्षानुवर्षे वरचे खाचर लावत असेल तर ती वहिवाट झाली, वाटप नव्हे. बहुतेक भांडणे इथेच पेटतात. तिघांना विकायचे असेल तर ते आपापला अविभक्त हिस्सा विकू शकतात, चौथ्याचा नाही. जागा बोट दाखवून ठरवायची तर वाटप हवे.

सगळे राजी असतील तर महाडच्या तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम 85 खाली अर्ज करावा. हक्काबद्दलच वाद निघाला की तो मार्ग बंद, मग दिवाणी न्यायालय. न्यायालय प्राथमिक हुकूमनाम्यात हिस्से ठरवते. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, मोजणीसह.

कोकणात खरी अडचण तुकडेबंदीची. जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. आपल्या उदाहरणातली जमीन जिरायत असेल तर दहा गुंठ्यांचे चार तुकडे पाडताच येत नाहीत. तुकडा होत असेल तर त्या हिस्सेदाराला जमिनीऐवजी पैसे देण्याची सोय 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात आहे. विकणार नाही म्हणून अडून बसलेल्याने हे आधी ऐकलेले बरे: हाती जमीनच येईल याची खात्री नाही.

त्याच्या बाजूचाही कायदा आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले आणि वारसांपैकी एकजण आपला हिस्सा विकायला निघाला, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 22 प्रमाणे तो विकत घेण्याचा पहिला हक्क सहवारसांचा. शेतजमिनीलाही हे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले. किमतीवर एकमत झाले नाही तर न्यायालय किंमत ठरवते. थोडक्यात, नुसते ‘विकू नका’ म्हणून भागत नाही, पैसे उभे करावे लागतात.

गावच्या घराचे गणित वेगळे. त्यातला हिस्सा परक्याने घेतला तरी त्याला घरच्यांसोबत राहण्याचा हक्क मिळत नाही. तो वाटपाच्या दाव्याला उभा राहिलाच, तर 1893 च्या विभाजन कायद्यानुसार घरच्यांना मूल्यांकनाच्या किमतीत तो हिस्सा परत घेता येतो. घराच्या भिंती वाटण्यात अर्थ नसेल, तर एकट्याने किंवा मिळून निम्मा किंवा अधिक हिस्सा असलेले हिस्सेदार लिलाव मागू शकतात. तेव्हाही बाकीच्यांना मूल्यांकनाने घेण्याची संधी असते.

समझोता झालाच तर तो गणपतीत ओटीवर बसून नुसता तोंडी ठेवू नये. हक्कसोडपत्र नोंदवावे लागते, आणि मग फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीसाठी पंधरा दिवस असतात.