भोंगऱ्याच्या आधी की नंतर?

पहाटे साडेपाच. चोपड्याहून सर्वेक्षणाची गाडी सातपुड्याच्या पायथ्याकडे निघते. वजनकाटा मांडीवरच घेते, गचके फार.

सात. पावरा पाडा. माणसं कापूस वेचायला जायच्या आत घरं गाठायची असतात. अंगणवाडीताई सोबत आहे. बोली तिला येते आणि लोकांचा विश्वासही तिच्यावरच.

आठ. पहिल्या घरातल्या पोराची जन्मतारीख कुठेच लिहिलेली नाही. ताई विचारते, ‘भोंगऱ्याच्या आधी की नंतर?’ होळीआधीच्या आठवड्यातला हा बाजार सगळ्यांना आठवतो.

‘बाजाराला गेलो तेव्हा पोटात होता,’ आजी सांगते.

‘आणि मोहाची फुलं वेचताना?’

‘टोपलीत निजवला होता ना!’

गेल्या सालची होळी, म्हणजे पोर वीस महिन्यांचं. एवढी चौकशी करावीच लागते. उंची वयाशी ताडून पाहायची असते. वय चार महिन्यांनी कमी लिहिलं, तर खुरटलेलं मूल कागदावर धडधाकट होतं. शिवाय दोन वर्षांखालचं मूल आडवं मोजतात, त्यावरचं उभं.

पोर किंचाळतं. डोकं फळीला टेकवायचं, गुडघे हलके दाबायचे, तळवे सरळ. मग डाव्या दंडाची पट्टी, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर: ११.२. साडेअकरा सेंटीमीटरखाली रंग तांबडा. सर्वेक्षण पाहण्यासाठी असतं, उपचारासाठी नाही, हे मला मान्य आहे. पण तांबडा रंग दिसल्यावर नुसता आकडा लिहून उठणं मान्य नाही. आशाताईला तिथूनच फोन लावते, पोराला आरोग्य केंद्रात कधी न्यायचं ते आईसमोर ठरवते, मगच पुढचं घर.

बारा. ओळीने कुलपं. ऊसतोडीला गेलेत, पोरांसकट. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. आदल्या रात्री घरात झोपलेली मुलंच अशा मोजणीत येतात. उसाच्या फडावर, पालात वाढणारं पोर गावाच्या आकड्यात कसं दिसणार? मला सगळ्यात जास्त काळजी त्याच पोरांची वाटते.

पाच. शेतातून परतलेल्या घरांची दुसरी फेरी.

आठ. मुक्कामी भरलेले फॉर्म तपासून होतात. उद्या शिरपूर तालुका. बंद घरांची यादी वेगळी काढून पर्यवेक्षकांसाठी शेरा लिहिते: ही माणसं होळीला गावी येतील, तेव्हा या पाड्यावर पुन्हा फेरी ठेवावी.