इवल्या इंजिनाचे तेलपाणी

मुलांनो, छोटी आगगाडी रुळांवरून धावू लागली, की लहानथोर सारेच तिच्याकडे कौतुकाने पाहत राहतात. पुण्यास कोथरूड भागात १९९८ साली सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात अशा अनेक गाड्या पाहावयास मिळतात.

ही नुसती खेळणी नव्हेत. खऱ्या इंजिनांच्या त्या मोजूनमापून केलेल्या प्रतिकृती होत. 'एचओ' या प्रचलित मापात इंजिन मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढे असते. त्यामुळे खऱ्या रुळांमधील १४३५ मिलिमीटरांचे अंतर येथे अवघे १६.५ मिलिमीटर उरते. या मापाच्या बहुतेक इंजिनांत वाफ नसते, बारीकशी विजेची मोटर असते. रुळांतील वीज चाकांवाटे मोटरीस पोचते. मोटरीच्या दांड्यावरील मळसूत्र दंतचक्रे फिरविते आणि चाके चालू लागतात.

जेथे एक भाग दुसऱ्यावर फिरतो, तेथे घर्षण आलेच. इंजिन कुरकुरू लागले किंवा नेहमीहून अधिक तापू लागले, की ते तेल मागत आहे असे समजावे. परंतु तेलाची बुधली हाती घेण्याची घाई नको! अगोदर वीज बंद करावी. आसांभोवती गुंडाळलेले केस व धागे चिमट्याने काढावेत. पुष्कळदा गाडी अडखळते ती तेलावाचून नव्हे, तर चाकांवर साचलेल्या काजळीमुळे. कारण त्या थरातून वीज नीट वाहत नाही. ती काजळी स्पिरिटने ओलसर केलेल्या फडक्याने निघते.

मग सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब आसाच्या प्रत्येक टोकास द्यावा. दंतचक्रांस मात्र पातळ तेलाऐवजी किंचित ग्रीस लावावे, कारण ते दात्यांना धरून राहते. घरातील खोबरेल तेल चालत नाही; ते थंडीत गोठते. गोडेतेल कालांतराने चिकट होते. प्लॅस्टिकला अपाय न करणारे हलके यंत्रतेलच हवे.

अधिक तेल हे कमी तेलाहून घातक ठरते. ते चाकांवर उतरले, तर चाके घसरतात. मोटरीत शिरले, तर ब्रशांच्या कार्बनच्या भुकटीशी मिसळून त्याचा काळा चिखल होतो. मोटर तापते आणि प्रसंगी जळूनही जाते.

तेल दिल्यावर इंजिन काही मिनिटे पुढे व मागे संथ चालवावे, आणि बाहेर आलेले तेल लगेच टिपून घ्यावे.